व्हर्च्युअल मशीन

व्हर्च्युअल मशीन : एका प्रत्यक्ष संगणकावर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने उभा केलेला दुसरा, आभासी संगणक. त्याला स्वतःचा प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड आणि पडदा असल्याचे भासवले जाते. प्रत्यक्षात त्याची हार्ड डिस्क ही मूळ संगणकावरची एक भलीमोठी फाइल असते आणि पडदा म्हणजे एक खिडकी. या सोयीमुळे विंडोजच्या लॅपटॉपवर लिनक्सचे उबुंटू, किंवा विंडोज ११ मध्ये जुने विंडोज एक्सपी, मूळ प्रणालीला (ऑपरेटिंग सिस्टिमला) धक्का न लावता चालवता येते. मूळ प्रणालीला होस्ट (यजमान), आत चालणारीला गेस्ट (पाहुणी) आणि पाहुणीचा सगळा व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायझर म्हणतात.

दुसरी प्रणाली वापरण्याचे इतरही मार्ग आहेत. ड्युअल बूटमध्ये डिस्कचे भाग पाडून दोन्ही प्रणाली बसवतात. तिथे पूर्ण वेग मिळतो, पण एका वेळी एकच प्रणाली चालते आणि भाग पाडताना चूक झाली तर डेटा जातो. ‘वाईन’ हे सॉफ्टवेअर विंडोजशिवायच विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवते. जमले तर उत्तम, पण प्रत्येक प्रोग्रॅम जमेलच असे नाही. एम्युलेटर वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचीही नक्कल करतो आणि म्हणूनच संथ असतो. व्हर्च्युअल मशीनचे वैशिष्ट्य असे, की पाहुण्या प्रणालीच्या बहुतेक आज्ञा खऱ्या प्रोसेसरवर थेट चालतात आणि नक्कल फक्त अडचणीच्या जागी होते. या अडचणीच्या जागा कोणत्या, हाच विषयाचा गाभा आहे.

अडचण कुठे येते

कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम संगणक संपूर्णपणे आपल्याच ताब्यात आहे, असे गृहीत धरून लिहिलेली असते. मेमरी कोणाला द्यायची, डिस्कवर काय लिहायचे, घड्याळाच्या ठोक्यावर कोणता प्रोग्रॅम थांबवायचा, हे सगळे तीच ठरवते. अशा दोन सिस्टिम एका यंत्रावर म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. हायपरव्हायझर त्यावर तोडगा काढतो तो पाहुणीचे अधिकार काढून घेऊन, आणि तिला ते कळू न देता. तिला कमी अधिकाराच्या पातळीवर चालवतात. तिने एखादी विशेषाधिकाराची आज्ञा दिली, की प्रोसेसर ती अडवतो आणि नियंत्रण हायपरव्हायझरकडे देतो. हायपरव्हायझर त्या आज्ञेचा अपेक्षित परिणाम आभासी संगणकावर घडवून आणतो आणि पाहुणीला पुढे चालू देतो.

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी ही कल्पना काटेकोर नियमांत मांडली. वेळेचा फरक सोडल्यास पाहुणीचे वर्तन खऱ्या यंत्रावर असते तसेच असले पाहिजे; बहुसंख्य आज्ञा थेट प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत; आणि साधनांवरचा ताबा पूर्णपणे हायपरव्हायझरकडे राहिला पाहिजे. हे साधायला प्रोसेसरकडून एक हमी लागते. यंत्राच्या स्थितीला हात घालणारी किंवा ती उघड करणारी प्रत्येक आज्ञा कमी अधिकाराच्या पातळीवर अडवली गेलीच पाहिजे. एकही निसटली, तर भास तुटतो.

मेनफ्रेमचा काळ

ही कल्पना घरगुती संगणकापेक्षा जुनी आहे. १९६०च्या दशकात मेनफ्रेम, म्हणजे संस्थांचे मोठे सामायिक संगणक, अतिशय महाग होते आणि एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे ही गरज होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज येथील आयबीएमच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट क्रीझी यांच्या गटाने सीपी-४० ही प्रणाली बनवली. जानेवारी १९६७ मध्ये ती वापरात आली आणि एका यंत्रातून १४ आभासी यंत्रे उभी करू लागली. तिच्यामागून सीपी-६७ आली आणि १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० हे अधिकृत उत्पादन जाहीर केले. त्याचा आजचा वंशज झेड/व्हीएम अजूनही मेनफ्रेमवर चालतो. पुढे यंत्रे स्वस्त झाली, प्रत्येकाच्या टेबलावर वेगळा संगणक आला आणि मेनफ्रेमबाहेर या विद्येची फारशी गरज उरली नाही.

सतरा चुकार आज्ञा

टेबलावरच्या संगणकात आलेले इंटेलचे प्रोसेसर पोपेक-गोल्डबर्ग यांच्या कसोटीला उतरत नव्हते. १९८५च्या ८०३८६ प्रोसेसरमध्ये जुन्या ८०८६ची आभासी प्रतिकृती चालवायची सोय होती आणि विंडोजमध्ये डॉसच्या अनेक खिडक्या एकत्र चालत त्या तिच्याच बळावर. पण संपूर्ण आधुनिक प्रणाली पाहुणी म्हणून चालवायला ती पुरेशी नव्हती. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात पेंटियमच्या अशा १७ आज्ञा दाखवून दिल्या होत्या, ज्या संवेदनशील असूनही अडवल्या जात नाहीत. ‘पॉपएफ’ ही त्यांतली गाजलेली. इंटरप्ट (चालू काम थांबवून प्रोसेसरचे लक्ष वेधणारे इशारे) बंद किंवा चालू करण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिम ती वापरते. कमी अधिकाराच्या पातळीवर ती दिली तर प्रोसेसर तक्रार करत नाही आणि इंटरप्टची स्थितीही बदलत नाही. नुसता पुढे जातो. पाहुणीला वाटते काम झाले, हायपरव्हायझरला तर काही घडल्याचा पत्ताच नाही.

हा पेच सुटणार नाही असे अनेकांनी धरले होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात मेंडेल रोझेनब्लम यांच्या गटाने ‘डिस्को’ या प्रकल्पातून जुनी विद्या नव्या यंत्रांवर आणली. १९९८ मध्ये रोझेनब्लम, डायेन ग्रीन आणि सहकाऱ्यांनी व्हीएमवेअर ही कंपनी काढली, आणि मे १९९९ मध्ये त्यांचे ‘वर्कस्टेशन’ बाजारात आले. त्यांची युक्ती अशी : पाहुणीच्या कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) कोड चालवण्याआधीच वाचायचा, त्यातल्या चुकार आज्ञा बदलून सुरक्षित आज्ञा घालायच्या आणि हे भाषांतर साठवून पुन्हा पुन्हा वापरायचे. सामान्य प्रोग्रॅमना हात लावायची गरज नव्हती. ते थेट प्रोसेसरवर चालत. या क्षेत्रातले सर्वांत कल्पक काम मला हेच वाटते, कारण ज्या प्रोसेसरने दार बंद ठेवले होते त्याच्याच वेगाचा फायदा त्यांनी घेतला.

ब्रिटनमधल्या केंब्रिज विद्यापीठातून २००३ मध्ये आलेल्या ‘झेन’ने उलटी वाट धरली. त्यात पाहुण्या कर्नलमध्येच बदल करून, तू आभासी यंत्रावर आहेस, हे तिला उघड सांगून टाकले जाते. वेग चांगला मिळाला, पण विंडोजसारखी बंद प्रणाली अशी कोणाला बदलता येणार? शेवटी प्रोसेसर बनवणाऱ्यांनीच दुरुस्ती केली. इंटेलने नोव्हेंबर २००५ मध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीने मे २००६ मध्ये एएमडी-व्ही ही सोय दिली. त्यामुळे पाहुणी तिच्या नेहमीच्या अधिकारांनिशी वेगळ्या कप्प्यात चालू लागली. पुढच्या दोन-तीन वर्षांत मेमरीच्या पत्त्यांचे दुहेरी रूपांतरही (पाहुणी धरून चालते त्या पत्त्यांवरून यंत्रातल्या खऱ्या पत्त्यांवर) प्रोसेसरच करू लागला आणि संथपणाचे मोठे कारण गेले. फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२० मध्ये अवी किविटी यांनी सुरू केलेले केव्हीएम समाविष्ट झाले. त्याने लिनक्स कर्नललाच हायपरव्हायझर बनवले. त्याच वर्षी जर्मनीतल्या इनोटेक कंपनीने व्हर्च्युअलबॉक्स मुक्त परवान्याखाली दिले. आधी सन आणि नंतर ओरॅकल कंपनीकडे गेलेले हे सॉफ्टवेअर आजही विद्यार्थ्यांचे आवडते आहे.

प्रत्यक्ष वापर

वापरणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘न्यू’वर क्लिक करायचे, रॅम आणि डिस्कचा आकार सांगायचा, उतरवून घेतलेली आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशन डिस्कची प्रत) जोडायची, आणि खिडकीत इन्स्टॉलेशन सुरू होते. अडखळायला होते ते दोन ठिकाणी. पहिले म्हणजे व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ते चालू आहे का ते दिसते. दुसरे जरा गमतीचे. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा हायपरव्हायझर, हायपर-व्ही, चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरच्या सोयी थेट मिळत नाहीत. ते त्याच्याच मार्फत काम करते आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत कासवाचे चित्र दाखवते. आपण हायपर-व्ही कधी चालू केले नव्हते, असे म्हणूनही उपयोग नसतो, कारण विंडोजमध्ये लिनक्स चालवणारे डब्ल्यूएसएल २ आणि सुरक्षेची काही वैशिष्ट्ये तेच वापरतात. अशा संगणकावर आपण ज्याला मूळ विंडोज म्हणतो तेसुद्धा हायपरव्हायझरच्या वरच चालत असते.

रॅमची वाटणी हात राखून करावी. ८ जीबीच्या यंत्रावर पाहुणीला ६ जीबी दिले, तर यजमान डिस्कवर अदलाबदल करत बसतो आणि दोघेही रखडतात. विंडोज ११ला स्वतःलाच किमान ४ जीबी लागते, तेव्हा तिला पाहुणी करायची तर १६ जीबीचे यंत्र बरे. डिस्कची फाइल बहुधा वाढती असते. ६० जीबी सांगितले तरी सुरुवातीला ती थोडीच जागा घेते. मात्र आतून फाइल पुसली म्हणून ती आपोआप लहान होतेच असे नाही. नेटवर्कसाठी सहसा नॅट ठेवतात, म्हणजे पाहुणी यजमानाच्या आडून इंटरनेट वापरते. घरातल्या इतर यंत्रांना ती स्वतंत्र दिसायला हवी असेल तर ब्रिज निवडतात. ‘गेस्ट ॲडिशन्स’ बसवल्याशिवाय खिडकीप्रमाणे पडद्याचा आकार बदलत नाही आणि इकडचे तिकडे कॉपी-पेस्ट होत नाही, म्हणून तो भाग टाळू नये.

खरी चैन आहे ती स्नॅपशॉटची. प्रणालीची त्या क्षणाची स्थिती गोठवून ठेवायची, हवे ते प्रयोग करायचे आणि बिघडले की मागे यायचे. कर्नलशी खेळणाऱ्या विद्यार्थ्याला ही मोकळीक खऱ्या यंत्रावर मिळत नाही. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. त्यात मूळ फाइल आहे तिथेच राहते आणि पुढचे बदल दुसऱ्या फाइलीत साठतात. मूळ फाइल खराब झाली तर सगळी साखळी निकामी होते.

जुने सॉफ्टवेअर जिवंत ठेवणे हा या तंत्राचा मोठा उपयोग. विंडोज ७ सोबत मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये ‘एक्सपी मोड’ याच हेतूने दिला होता. मराठी मुद्रणाच्या व्यवहारात हा प्रश्न जवळचा आहे. युनिकोड रुळण्याआधीची असंख्य पुस्तके आणि अंक श्रीलिपी किंवा आयएसएम या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये, पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्रॅमवर जुळवलेले आहेत, आणि पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ची. ती पाने होती तशी उघडायची, तर एक्सपी असलेले व्हर्च्युअल मशीन हा सरळ मार्ग ठरतो. सॉफ्टवेअरला यूएसबी लॉक (परवान्याची खात्री करणारे छोटे उपकरण) लागत असेल तर तो यजमानाकडून पाहुणीकडे सोपवता येतो. जुन्या प्रिंटर पोर्टात बसणारा लॉक असेल तर मामला कठीण. सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर (देवनागरीसाठी संगणकात बसवायच्या कार्डावर) चालणारे डॉसमधले देवनागरी प्रोग्रॅम तर या मार्गाने चालत नाहीत, कारण त्या कार्डाची नक्कल प्रचलित हायपरव्हायझरमध्ये नाही. आभासी संगणकात तेच भाग असतात, ज्यांची नक्कल कोणीतरी लिहून ठेवली आहे.

भास कुठे तुटतो

त्रिमितीय खेळ आणि व्हिडिओ संपादन इथे मर्यादा लगेच जाणवतात, कारण आभासी ग्राफिक्स कार्ड खऱ्याच्या तुलनेत दुबळे असते. अख्खे कार्डच पाहुणीला देऊन टाकता येते, पण त्यासाठी प्रोसेसर आणि मदरबोर्डची तशी सोय लागते, शिवाय यजमानासाठी बहुधा दुसरे कार्ड. घड्याळही मागे-पुढे होते. पाहुणीला प्रोसेसर सलग मिळत नसल्याने तिचे ठोके चुकतात आणि यजमानाकडून वेळ जुळवून घ्यावी लागते.

आपण आभासी यंत्रात आहोत हे आतल्या प्रोग्रॅमला ओळखता येते का? सहज येते. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता मुळात ०८:००:२७ने सुरू होतो, एवढेही पुरते. २००४ मध्ये योआना रुत्कोव्स्का यांनी वर सांगितलेल्या १७ आज्ञांपैकीच एक, ‘एसआयडीटी’, वापरून हे ओळखण्याची ‘रेड पिल’ ही युक्ती दाखवली. हानिकारक सॉफ्टवेअरचा अभ्यास व्हर्च्युअल मशीनमध्ये केला जातो, आणि ते लिहिणारेही हे जाणून असतात. म्हणून काही व्हायरस आभासी यंत्र ओळखताच गप्प बसतात.

आतले बाहेर येत नाही, हा भरवसा बराचसा खरा आहे, पूर्ण नाही. २०१५ मध्ये उघड झालेली ‘व्हेनम’ ही त्रुटी क्यूईएमयू या सॉफ्टवेअरच्या आभासी फ्लॉपी कंट्रोलरमध्ये होती. फ्लॉपी कोणी वापरत नव्हते, तरी तिची नक्कल करणारा कोड तसाच राहिला होता आणि त्यातून पाहुणीला यजमानापर्यंत पोहोचायची वाट मिळत होती. सामायिक फोल्डर आणि क्लिपबोर्ड आपण स्वतः उघडी केलेली दारे. संशयास्पद फाइल तपासताना ती बंदच ठेवावीत.

मोठ्या प्रमाणावर

ॲमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये झेनवर आधारलेली आभासी यंत्रे तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि क्लाउड हा धंदा उभा राहिला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे, तर ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली केंद्रे उघडली.

प्रोसेसरची जात आणि परवाना

नोव्हेंबर २०२० पासून ॲपलने मॅकमध्ये इंटेलऐवजी एआरएम जातीचे स्वतःचे प्रोसेसर घालायला सुरुवात केली, तेव्हा मॅकवर विंडोज चालवण्याची जुनी पद्धत मोडली. आता तिथे वेगाने चालते ती एआरएमसाठीची विंडोज किंवा लिनक्स. इंटेलसाठीची प्रणाली हवी असेल तर यूटीएमसारख्या सॉफ्टवेअरमधून संपूर्ण नक्कल करावी लागते आणि ती कूर्मगतीने चालते.

पाहुण्या विंडोजला वेगळा परवाना लागतो. यजमानाचा तिला आपोआप लागू होत नाही. मॅकओएस पाहुणी म्हणून चालवायची परवानगी ॲपल फक्त आपल्याच यंत्रांवर देते. लिनक्सच्या बहुतेक वितरणांना असे बंधन नाही. हायपरव्हायझरच्या बाबतीत आता खर्चाचा प्रश्न जवळपास उरलेला नाही : नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली, आणि पुढच्याच वर्षी ‘वर्कस्टेशन प्रो’ आधी वैयक्तिक व मग व्यावसायिक वापरासाठीही मोफत केले. हायपर-व्हीमध्ये स्वतः व्हर्च्युअल मशीन बनवण्याची सोय मात्र विंडोजच्या होम आवृत्तीत मिळत नाही; त्यासाठी प्रो किंवा त्यावरची आवृत्ती लागते.