बादशहाची आजारी काच

फेंगशुईच्या दुकानात मिळणारा काचेचा गोळा तडकला, की 'घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं' असं छातीठोकपणे सांगितलं जातं. मग चीनच्या कांग्शी बादशहाच्या काचेनं किती संकटं झेलली म्हणायची? तिला तर न आपटता, न तापवता, कपाटात बसल्या बसल्या तडे गेले.

'चीनची चिनी माती, काच युरोपची' ही समजूत आधी बाजूला ठेवू. इसवी सनापूर्वीच चिनी कारागीर शिसं आणि बेरियम घालून काच करत होते. तिच्या जेड या मौल्यवान दगडासारख्या दिसणाऱ्या चकत्या थडग्यांत सापडतात. शानदोंग प्रांतातल्या बोशान गावातही काचभट्ट्यांची परंपरा जुनीच. तरीही १६९६ साली कांग्शीनं बीजिंगमध्ये शाही काचशाळा काढली, ती किलियन श्टुम्फ या जर्मन जेझुइट पाद्र्याच्या हाताखाली. तिथल्या सुरुवातीच्या नितळ काचेला पुढे बारीक तड्यांचं जाळं धरलं.

का, ते फार सुंदर आहे. काच म्हणजे मुळात वाळू, म्हणजे सिलिका. सिलिकॉनचे अणू ऑक्सिजनच्या पुलांनी एकमेकांना जोडलेले असतात. हे जाळं इतकं घट्ट, की शुद्ध वाळू वितळायला सुमारे १,७०० अंश सेल्सिअस लागतात. म्हणून तिच्यात क्षार घालायचा, पापडखाराच्या जातीचा. त्यातले सोडियम किंवा पोटॅशियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, पूल तोडतात आणि तुटक्या टोकांपाशी मुक्काम करतात. काच कमी आचेवर वितळते. पण हे आयन एकेरी भाराचे, सैल बसलेले. हवेतल्या ओलाव्यातला हायड्रोजन आयन आत शिरतो, पोटॅशियम बाहेर पडतो. पृष्ठभागावर पाणी प्यालेला एक पातळ थर तयार होतो. बाहेर आलेला क्षार आणखी ओलावा ओढतो आणि काच चक्क पाझरू लागते. मग हवा कोरडी झाली की तो थर आकसतो, आतली काच मात्र आहे तेवढीच राहते. ताण पडतो आणि तडे जातात.

यावर उतारा चुना. कॅल्शियमचा आयन दुहेरी भाराचा. तो दोन तुटकी टोकं एकदम धरून ठेवतो, आणि त्याच्या गर्दीत पोटॅशियमलाही सहज सटकता येत नाही. कांग्शीकालीन आजारी काचेच्या रासायनिक तपासणीत क्षार भरपूर आणि चुना अगदी थोडा सापडला. लंडनचा काचकार जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याच्या १६७० च्या दशकातल्या काचेलाही हाच रोग होता. नितळपणाच्या हौसेपायी युरोपातले कारागीर क्षारासाठी वापरायची वनस्पतींची राख पाण्यात विरघळवून गाळून घेत, आणि चुना गाळातच राहून जाई.

कांग्शीचा नातू छ्येनलोंग याच्या राजवटीपर्यंत (१७३६ ते १७९६) ही खोड बरीचशी गेली आणि चिनी हाताला खरा वाव मिळाला. पांढऱ्या काचेवर लाल किंवा निळ्या काचेचा थर चढवायचा आणि थंड झाल्यावर तो जेड कोरतात तसा फिरत्या चकतीवर, कठीण खड्याची भुकटी आणि पाणी सोडत कोरायचा. नको तिथला रंग झिजवून टाकला की पांढऱ्यावर लाल कमळ उभं राहतं. तपकिरीच्या बाटल्या तर याहून नाजूक. एकोणिसाव्या शतकात चित्रकार वाकड्या टोकाची लेखणी बाटलीच्या चिमुकल्या तोंडातून आत घालून काचेच्या आतल्या बाजूनं, उलटं चित्र काढू लागले. त्यात क्रमही उलटा: पक्ष्याचा डोळा आधी, आकाश सर्वांत शेवटी.