एकच मेसेज दोनदा आला तर

आम्ही बसवून दिलेली क्यू (कामांचे मेसेज रांगेत ठेवून पुढे देणारी यंत्रणा) मेसेज ‘किमान एकदा’ पोचवते. ‘नेमका एकदाच’ असं आम्ही लिहून देत नाही, कारण तुमच्या वर्करने (मेसेज घेऊन काम करणाऱ्या प्रोग्रामने) मेसेज उचलल्यावर पुढे काय झालं हे क्यूला फक्त पोचपावतीवरून कळतं. पावती आली नाही की ती तोच मेसेज पुन्हा देते. काम अर्धवट राहिलं की काम होऊन नुसती पावतीच राहिली, हे ओळखायला तिच्याकडे मार्ग नाही.

ॲमेझॉनची एसक्यूएस ही क्यू सेवा घ्या. उचललेला मेसेज इतर वर्करना 30 सेकंद दिसत नाही. बदल केला नसेल तर मुदत तेवढीच. बिलाची पीडीएफ करून मेल पाठवायला 40 सेकंद लागले, तर तेवढ्यात दुसरा वर्कर तोच मेसेज उचलतो. ग्राहकाला दोन मेल, आणि लॉगमध्ये एकही एरर नाही. ही मुदत कामाच्या वेळेहून भरपूर जास्त ठेवा. 12 तासांपर्यंत वाढवता येते.

तरीही वर्कर मध्येच बंद पडू शकतो, म्हणून खरा बंदोबस्त डेटाबेसमध्येच करावा लागतो. पाठवणाऱ्याने मेसेजला आयडी द्यावा आणि रिट्रायला तोच ठेवावा (दर वेळी नवा आयडी काढला तर पुढचं सगळं वाया). घेणाऱ्याने तो युनिक इंडेक्स असलेल्या (तोच आयडी दुसऱ्यांदा न घेणाऱ्या) टेबलात टाकावा, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र होतात किंवा एकही होत नाही) काम करावं, कमिट करावं (बदल पक्के करावेत) आणि मगच पावती द्यावी. आयडी आधीच आहे असा एरर आला तर काम सोडा, पण पावती द्या. नाहीतर मेसेज फिरत राहील. आधी सिलेक्ट, नसेल तर इन्सर्ट, एवढ्यावर विसंबू नका: दोन वर्कर एकाच क्षणी बघतात आणि दोघांनाही आयडी सापडत नाही.

मेल किंवा पेमेंट ट्रान्झॅक्शनमध्ये बसत नाही. समोरची सेवा आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आली हे ओळखायची खूण) घेत असेल तर हाच आयडी तिला द्या. घेत नसेल तर क्वचित दुसरा मेल जाणार, हे धरून चाला.

रॅबिटएमक्यू या दुसऱ्या क्यू सॉफ्टवेअरची क्लासिक प्रकारची क्यू वापरत असाल तर क्यू ड्युरेबल (रिस्टार्टनंतर टिकणारी) आणि मेसेज पर्सिस्टंट (डिस्कवर लिहिलेला), दोन्ही हवं. नुसती क्यू ड्युरेबल असेल तर रिस्टार्टनंतर क्यू राहते, मेसेज जातात.

सतत फसणारा मेसेज पाच प्रयत्नांनंतर डेड लेटर क्यूत (फसलेले मेसेज बाजूला ठेवायच्या वेगळ्या क्यूत) टाका. एसक्यूएसच्या स्टँडर्ड क्यूत मेसेजचं वय मूळ क्यूत आल्यापासून मोजतात. दोन्ही क्यूंत मेसेज साठवायची मुदत 4 दिवसांची असेल आणि 3 दिवस आधीच गेले असतील, तर तपासायला तुमच्या हातात एकच दिवस राहतो. डेड लेटर क्यूची मुदत 14 दिवस करा आणि तिथे एक जरी मेसेज पडला तरी अलर्ट वाजू द्या.