जमिनीजवळ आलेला खांब सर्वांत जड

जुलै १८८७मध्ये स्कॉटलंडमधल्या मेरीकर्क गावात जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकांनी आपल्या सुट्टीतल्या घराच्या बागेत कापडी शिडांची पवनचक्की उभी केली. तिच्यावर बॅटऱ्या भरून त्यांनी घरात विजेचे दिवे लावले. त्याच सुमारास अमेरिकेत क्लीव्हलँडला चार्ल्स ब्रश यांनी घरामागे १७ मीटर व्यासाचं, सीडरच्या लाकडाची १४४ पाती असलेलं अजस्र चक्र उभारलं. वाऱ्यापासून वीज करण्याची सुरुवात अशी परसातच झाली, आणि आजही जगभर हौशी माणसं लाकूड तासून पाती करतात, तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळतात आणि आपली छोटी पवनचक्की परसात चढवतात. चढवण्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. ती खाली कशी घ्यायची, याचा विचार मात्र बहुतेकांना पहिला बिघाड झाल्यावर सुचतो. माझ्या मते तो विचार खांबासाठी खड्डा खणण्याच्याही आधी व्हायला हवा.

मुळात खांब उंच का लागतो? वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २.४ मीटर व्यासाच्या चक्रातून सेकंदाला ४ मीटर वेगाचा वारा जात असेल, तर त्यात सुमारे १७५ वॅट शक्ती असते. वेग दुप्पट होऊन ८ मीटर झाला की हीच शक्ती आठपट, म्हणजे १,४०० वॅट होते. ती सगळी कुणालाच मिळत नाही. आदर्श चक्रालाही ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त शक्ती काढून घेता येत नाही, हे आल्बर्ट बेट्झ यांनी गणिताने दाखवून दिलं. घरी घडवलेल्या यंत्रात बॅटरीपर्यंत पोचेस्तोवर साधारण पाव हिस्सा उरतो. मोकळ्या माळावर ६ मीटरऐवजी १२ मीटर उंची गाठली तर वेग जेमतेम १० टक्के वाढतो, पण घनाच्या हिशेबाने शक्ती एक तृतीयांशाहून थोडी जास्त वाढते. झाडं आणि घरं जवळ असतील तिथे हा फरक आणखी मोठा, कारण खालचा वारा नुसता मंद नसतो, तो भोवरे घेत येतो.

तेव्हा यंत्र उंचावर हवं, आणि हात लावायला ते जमिनीवरही यायला हवं. लहान चक्कीसाठी याचं उत्तम उत्तर म्हणजे बुंध्याशी बिजागरी असलेला, आडवा होणारा खांब. त्याला चार दिशांनी तणावे, म्हणजे ताणून बांधलेले पोलादी दोर, असतात. बुंध्यापाशी खांबाला काटकोनात दुसरा आखूड खांब जोडलेला असतो, त्याला जिन पोल म्हणतात. मुख्य खांब उभा असताना जिन पोल जमिनीलगत आडवा असतो, मुख्य खांब आडवा झाला की जिन पोल उभा होतो. पुढच्या बाजूचे तणावे जिन पोलच्या टोकाला बांधलेले असतात आणि त्याच टोकापासून निघालेली ओढतार जमिनीत पक्क्या रोवलेल्या नांगरावरच्या, म्हणजे तार धरून ठेवणाऱ्या खुंट्यावरच्या, विंचकडे (तार गुंडाळणाऱ्या-सोडणाऱ्या चरकाकडे) जाते.

आता यातली भूमिती पाहू. ती सुंदर आहे, आणि जीव वाचवणारीही आहे.

समजा खांब १२ मीटरचा आहे, पाइपाचं वजन ६० किलो आणि टोकावरचं यंत्र ४० किलो. खांब आडवा असताना बिजागरीभोवतीचं आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर, काढायला वजनाला अंतराने गुणायचं: यंत्राचे ४० गुणिले १२ आणि पाइपाचे, मध्यावर धरून, ६० गुणिले ६. बेरीज ८४० किलो-मीटर. खांब अगदी सरळ उभा असताना हेच आघूर्ण शून्य, कारण सगळं वजन बिजागरीच्या थेट वर असतं. भरलेली बादली अंगाशी धरली तर सहज पेलते आणि हात लांब केला की खांदा भरून येतो, तसंच हे आहे. वजन तेच राहतं, ओढ बदलते.

ही ओढ किती, याचं उत्तर फार नेटकं निघतं. जमीन सपाट असेल आणि जिन पोल खांबाशी काटकोनात असेल, तर ओढतारेतला ताण हा जिन पोलच्या टोकापासून नांगरापर्यंत बाहेर असलेल्या तारेच्या लांबीच्या अगदी थेट प्रमाणात असतो. जिन पोल ५ मीटरचा आणि नांगरही बिजागरीपासून ५ मीटरवर असेल, तर खांब ३० अंश कलल्यावर तारेत सुमारे ८७ किलोभाराचा ताण येतो, ६० अंशांवर १६८ आणि आडवा होताना २३८. विंचवरून जेवढी तार सुटली तेवढा भार वाढला, असा हा सरळ हिशेब आहे. खांब खाली घेताना तो जमिनीपासून हातभर अंतरावर आला की बघणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो, मदतनीस पुढे सरसावतात. तारेवरचा भार मात्र नेमका तेव्हाच सर्वाधिक असतो.

जिन पोल आखूड केला तर? तोच खांब, तोच नांगर, पण जिन पोल अडीच मीटरचा, तर शेवटचा ताण ३७६ किलोभारावर जातो. जिन पोलच्या लांबीत केलेली काटकसर अशी विंच, शॅकल (तारा जोडणारी कडी) आणि नांगर यांच्या माथी बसते. लांब जिन पोलला स्वतःचे बाजूचे तणावेही हवेत, नाहीतर भाराखाली तो एका अंगाला लवंडतो आणि मग वरच्या कोणत्याच आकड्याला अर्थ राहत नाही.

आणखी एक भार सहज नजरेतून सुटतो. पाच-पाच मीटरच्या या मांडणीत, खांब आडवा होताना ओढतार खांबाच्या बुंध्याला १६८ किलोभाराने आडवं ढकलत असते. खांब उभा असताना त्याच बुंध्यावर मुख्यतः खाली दाबणारं वजन असतं. त्यामुळे वर्षानुवर्षं स्थिर राहिलेला पाया उतरवताना सरकू शकतो. नांगरालाही तेवढ्याच जोराचा वरच्या दिशेने उपटा बसतो. उतरवण्यापूर्वी बिजागरीचा बोल्ट, वेल्डिंग आणि नांगराची सळई जमिनीत शिरते तिथला भाग तपासायचा तो यासाठी. हवा आणि ओल या दोन्ही गोष्टी तिथे मिळत असल्याने गंज तिथेच खोल खातो. वरवर धडधाकट दिसणाऱ्या सळईभोवतीची माती वीतभर उकरून पाहावी.

बाजूच्या दोन तणाव्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे नांगर बिजागरीच्या पिनेच्या रेषेत आणि तिच्याच पातळीवर असतील, तर खांब कोणत्याही कोनात असला तरी त्यांची लांबी तीच राहते. खांब त्या रेषेभोवतीच फिरत असतो, म्हणून. पण जमीन उताराची असेल आणि एक नांगर पिनेपेक्षा अर्धा मीटर वर असेल तर? तणावा ११ मीटरवर बांधलेला आणि नांगर ६ मीटर बाजूला धरला, तर खांब आडवा होईपर्यंत त्या तणाव्याला सुमारे ४५ सेंटीमीटर जास्त लांबी लागते. पोलादी दोर काही तेवढा लांबत नाही. मग खांब वाकतो किंवा नांगर उपटतो. नांगर अर्धा मीटर खाली असेल तर उलट तेवढाच सैलपणा येतो आणि खांब डुलू लागतो. अशा जमिनीवर बाजूच्या तणाव्यांपाशी एकेक माणूस टर्नबकल, म्हणजे तार कसायचा-सैल करायचा स्क्रू, घेऊन उभा हवा. त्याहून चांगलं म्हणजे पायाच अशा उंचीवर घ्यावा की रेषा जुळेल.

खांब हलवण्याआधी चक्र थांबवायचं. कायम चुंबकांच्या जनित्रात यासाठी तिन्ही फेजच्या, म्हणजे वेटोळ्यांच्या तीन गटांच्या, तारा एकमेकींना जोडतात. पाती फिरली की वेटोळ्यांत प्रवाह वाहतो आणि लेंझच्या नियमाप्रमाणे तो फिरण्यालाच विरोध करतो, त्यामुळे चक्र रेंगाळत फिरतं. हा ब्रेक वारा मंद असतानाच लावावा. वेग वाढला की वेटोळ्यांचा स्वतःचा प्रेरकी अवरोध (बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा) प्रवाहाला आवर घालतो, विरोध करणारा पीळ, म्हणजे चक्राला मागे फिरवू पाहणारा जोर, एका मर्यादेनंतर घटतो, आणि सोसाट्याच्या वाऱ्यात चक्र ब्रेकला न जुमानता फिरत राहून वेटोळी जाळू शकतं. तारा जोडायच्या त्या रेक्टिफायरच्या (एसीची डीसी करणाऱ्या भागाच्या) अलीकडे, चक्कीच्या बाजूला. पलीकडे, बॅटरीच्या बाजूला शॉर्ट केलं तर बॅटरीच शॉर्ट होईल. ब्रेक न लावता नुसती बॅटरी सोडवली तर चक्रावरचा भार नाहीसा होऊन ते बेफाम पळतं आणि व्होल्टेज वेगाबरोबर चढत जातं.

खरं तर खांब उतरवण्यापूर्वी जमिनीवरूनच निम्मं निदान करता येतं. वारा पडलेला आणि चक्र पूर्ण थांबलेलं असताना तारा मोकळ्या करून प्रत्येक जोडीमधला रोध मोजावा. तिन्ही आकडे सारखे आले तर वेटोळी आणि खालपर्यंतची केबल बहुधा शाबूत आहे. एका फेजचा जोड तुटला असेल तर आकडे विषम येतात, आणि चक्र फिरताना खालपर्यंत ऐकू येणारी घरघर येते, कारण पीळ एकसारखा न राहता धक्क्याधक्क्याने येतो. तारा मोकळ्या असूनही चक्र जड फिरत असेल तर आत कुठे तरी शॉर्ट आहे. मोजून झालं की ब्रेक पुन्हा लावायचा आणि मगच विंचकडे वळायचं.

उतरवताना सुरुवातीला खांब हलतच नाही. मागच्या बाजूला बांधलेल्या दोरीने त्याला तोलाच्या बिंदूपलीकडे आणावं लागतं. इथे ओढतार सैल ठेवणं धोक्याचं आहे. अचानक पडलेला भार, पडण्याचं अंतर शून्य असलं तरी, स्थिर भाराच्या दुप्पट ताण देऊन जातो. तारेत ढील असेल तर त्याहूनही अधिक. म्हणून मागून ओढणारा आणि विंच चालवणारा यांनी एकाच माणसाचे शब्द ऐकायचे. विंच हाताचा असावा आणि त्याला भार धरून ठेवणारा ब्रेक हवा. नुसत्या खाचांच्या विंचवर खाच सोडताना हात निसटला की हँडल उलटं गरगर फिरून मनगट मोडतं. गाडीला तार बांधून खांब उतरवणं मला मुळीच पटत नाही. गाडी चालवणाऱ्याला तारेतला ताण जाणवत नाही आणि मागचा खांब नीट दिसत नाही. खांबाच्या लांबीएवढ्या परिघात, विंच चालवणारा आणि नेमून दिलेली माणसं सोडून कुणी नको, आणि खांबाच्या रेषेखाली तर कुणीच नको. टोक टेकवायला आधीच घोडी, म्हणजे आधाराची चौकट, मांडून ठेवावी, म्हणजे शेवटच्या क्षणी कुणाला हात घालावा लागत नाही.

यंत्र जमिनीवर आलं की आधी पात्यांच्या कडा पाहाव्यात. चक्र ८ मीटरच्या वाऱ्यात सहाच्या टोक-वेग गुणोत्तराने, म्हणजे टोक वाऱ्याच्या सहापट वेगाने जाईल असं, फिरत असेल तर पात्याचं टोक सेकंदाला ४८ मीटर, म्हणजे ताशी १७० किलोमीटरहून अधिक वेगाने जातं. या वेगाने आदळणारे पावसाचे थेंब लाकडाची कड खरवडून काढतात. तिन्ही पाती सारखी झिजत नाहीत, आणि तोल जातो तो तिथून. एका पात्यावर मध्यापासून एक मीटरवर २० ग्रॅम जास्त असतील तर याच वेगात सुमारे ३२ न्यूटनचं, म्हणजे तीन किलोहून थोडं अधिक भाराचं बल दर फेऱ्यात दिशा बदलत खांबाला हलवतं. सेकंदाला सहाहून अधिक फेरे, तासाला जवळजवळ तेवीस हजार. तणाव्यांच्या क्लिपांचे नट सैल होतात, वेल्डमध्ये केसासारखी भेग पडते, ती अशा हेलकाव्यांनी. कड भरून, रंग देऊन झाला की वारा नसलेल्या जागी चक्र मोकळं फिरू द्यावं. जे पातं दर वेळी खाली येऊन थांबतं ते जड. हलक्या पात्यांकडे शिशाचे तुकडे पक्के बसवत जावं, चक्र कुठेही सोडलं तरी तिथेच थांबेपर्यंत. हे काम तास खाणारं आहे आणि माझ्या दृष्टीने सगळ्या दुरुस्तीत सर्वांत मोलाचं.

निओडिमियमची चुंबकं ओल लागली की गंजून फुगतात आणि रेझिनचा (ओतून घट्ट केलेल्या राळेचा) थर वर उचलतात. मग चुंबक आणि वेटोळी यांच्यातली काही मिलिमीटरची फट बुजते. हाताने फिरवताना खरखर आली तर आधी ही फट पाहावी. रेझिनला नुसता पोपडा असेल तर भरता येतो, पण चुंबक फुगलं असेल तर बदलणंच बरं. खांबातून खाली येणारी केबल चक्की दिशा बदलते तशी पिळत जाते. तो पीळ उलगडावा आणि आवरण घासलं गेलं आहे का पाहावं. बेअरिंगमधलं ग्रीस काळं किंवा पाणचट झालं असेल तर बेअरिंग धुऊन नवं भरावं.

तणाव्यांच्या टोकांवरच्या क्लिपांचा क्रम पुष्कळांकडून उलटा बसतो. क्लिपचा इंग्रजी यू आकाराचा बोल्ट दोराचे धागे चेचतो, म्हणून तो दोराच्या मोकळ्या शेपटीवर यावा आणि रुंद खोगीर भार घेणाऱ्या बाजूवर. भाराच्या बाजूलाच बोल्ट आला तर दोर तिथून दुबळा होतो.

वर चढवताना सगळं उलट क्रमाने होतं, म्हणजे सर्वांत जड क्षण पहिलाच येतो. खांब घोडीवरून वीतभर उचलून थांबावं आणि प्रत्येक नांगर, शॅकल आणि जिन पोलचा सरळपणा पुन्हा पाहावा, कारण त्या वेळी जे तगलं त्याच्यावर पुढे भार कमीच होत जाणार आहे. खांब उभा झाला की ओळंब्याने सरळ करून तणावे कसावेत, मात्र तंबोऱ्याच्या तारेसारखे नकोत. जास्तीचा ताण खांबाला खाली दाबतो आणि वाकायला लावतो. भार आल्यावर दोर किंचित बारीक होतो, त्यामुळे क्लिपांचे नट पहिल्या जोरदार वाऱ्यानंतर पुन्हा आवळावे लागतात. चारही तणावे बांधून झाले, जिन पोल आणि टर्नबकल सुटणार नाहीत अशा तारेने जखडले, बॅटरी जोडली, की सर्वांत शेवटी तिन्ही फेजचा जोड सोडायचा आणि चक्र मोकळं करायचं.