तांबडी दिसली म्हणून तांब्याची नव्हे

वरणगावला आयुध निर्माणी असल्यामुळे भुसावळ परिसरात बंदुकीची गोळी ही तशी अनोळखी वस्तू नाही. तिथे सैन्यासाठी ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरची काडतुसं तयार होतात. त्यामुळे गोळी म्हटलं की पितळी काडतुसात बसवलेलं तांबूस टोक डोळ्यांपुढे येतं आणि गोळी तांब्याचीच असते असा समज होतो. शिकारीत शिशाची गोळी वापरावी की बिनशिशाची, या वादात हा समज घोळ घालतो. बहुतेक गोळ्यांत तांबं असतं ते फक्त वरच्या पातळ कवचात, आतला गाभा शिशाचा असतो. लोहचुंबक लावून हा फरक कळत नाही, कारण तांबं आणि शिसं दोन्ही चुंबकाला दाद देत नाहीत. चुंबक चिकटलाच तर कवचात किंवा गाभ्यात पोलाद आहे, एवढंच समजावं. सुटी गोळी हातात असेल तर बूड बघावं. पूर्ण कवचाच्या, म्हणजे टोकही कवचाने झाकलेल्या गोळीचं बूड बहुधा उघडं असतं आणि तिथे करडं शिसं दिसतं. बिनशिशाच्या गोळीचं बूड आरपार एकाच रंगाचं असतं.

पूर्ण कवचाची गोळी १८८२ साली स्विस अधिकारी एडुआर्ड रुबिन यांनी घडवली. ती अंगात शिरल्यावर फुलत नाही, म्हणजे पसरून रुंद होत नाही. लष्करी वापरात हे चालतं, किंबहुना तेच बंधनकारक आहे. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात ब्रिटिशांनी उघड्या टोकाची, फुलणारी गोळी बनवली. तिच्यावरून जगभर ओरड झाली आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात अशा गोळ्यांवर बंदी आली. शिकारीचा हिशेब नेमका उलटा असतो. न फुलणारी गोळी जनावराच्या अंगातून बारीक भोक पाडून निघून जाते आणि जनावर जखमी अवस्थेत मैलभर पळून झुडपात तडफडत मरतं. म्हणून अनेक देशांत मोठ्या जनावरांसाठी पूर्ण कवचाची गोळी वापरायला मनाई आहे.

फुलण्याच्या बाबतीत शिशाचा हात धरणारा दुसरा स्वस्त धातू नाही. त्याची घनता घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, वितळणबिंदू अवघा ३२७ अंश सेल्सिअस आणि अंग मऊ. टोकाला कवच उघडं ठेवलं की कमी वेगातही गोळी पसरते. पण याच मऊपणामुळे तिचे तुकडे होतात. खांद्याच्या हाडावर जोरात बसलेली साधी शिसेगाभ्याची गोळी आपल्या वजनाचा तिसरा हिस्सा सहज गमावते. १५० ग्रेनची, म्हणजे सुमारे ९.७ ग्रॅमची गोळी धरली तर जवळजवळ ३ ग्रॅम शिसं मांसात विखुरतं. मारलेल्या हरणाचा एक्स-रे काढला की जखमेभोवती पांढऱ्या ठिपक्यांचा सडा दिसतो. त्यातले कित्येक कण मिलिमीटरपेक्षा लहान असतात आणि जखमेपासून १५ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब गेलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि दाताखालीही लागत नाहीत. जखमेभोवतालचं काळं-निळं मांस कापून टाकलं म्हणजे काम झालं, ही समजूत त्या एक्स-रेपुढे टिकत नाही. ३ ग्रॅम म्हणजे ३० लाख मायक्रोग्रॅम, आणि अमेरिकेत लहान मुलाच्या रक्तात १०० मिलिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम शिसं सापडलं तरी डॉक्टर लक्ष घालतात. खाल्लेलं सगळं शिसं रक्तात उतरत नाही हे खरं, पण हिशेबातली तफावत एवढी मोठी आहे की त्याचा आधार वाटू नये.

मधला मार्गही आहे. कवच आणि गाभा एकमेकांना सांधलेली ‘बाँडेड’ गोळी किंवा मध्ये तांब्याची आडवी भिंत असलेली १९४८ ची ‘नॉस्लर पार्टिशन’, या दोन्ही कमी फुटतात. जनावर पाडायला त्या उत्तम आहेत, शिसं मात्र दोन्हींत असतंच.

पूर्ण तांब्याच्या किंवा पितळेसारख्या मिश्रधातूच्या गोळीला गाभा आणि कवच असा भेद नाही, ती एकाच सळईतून घडते. टोकाला पोकळी असते आणि बऱ्याचदा त्यात प्लास्टिकचं टोपण बसवलेलं असतं. जनावराच्या अंगातलं पाणी या पोकळीत दाबाने घुसतं, भिंती आधीच आखलेल्या रेषांवर फाटतात आणि चार ते सहा पाकळ्या केळफुलाच्या पाकळीसारख्या मागे वळतात. व्यास जवळजवळ दुप्पट होतो. वजन ९५ टक्क्यांहून जास्त शाबूत राहतं, त्यामुळे गोळी खोल जाते आणि बहुधा पलीकडून बाहेर पडते. ‘तांब्यात जोर नाही’ ही तक्रार अशा गोळीबद्दल खरी नाही. तक्रारीचं मूळ दुसरीकडे आहे: शिशाच्या गोळीची जागा तांब्याच्या गोळीला जशीच्या तशी देणारे फसतात.

पहिली चूक वजनात होते. तांब्याची घनता ८.९६, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते. निव्वळ शिशाशी तुलना केली तर ही लांबी चौथ्या हिश्शाहून जास्त वाढते. लांब गोळी स्थिर ठेवायला नळीतल्या पिळाने, म्हणजे आतल्या पीळदार खाचांनी, तिला अधिक वेगाने फिरवावं लागतं. जुन्या रायफलचा पीळ सैल असेल तर गोळी आडवी होत जाते आणि निशाण्यावर गोल भोकाऐवजी किल्लीच्या भोकासारखी लांबट खूण उमटते. यावर उपाय म्हणजे वजन साधारण १० टक्क्यांनी कमी घेणं. १६५ ग्रेन वापरणाऱ्याने १५० वर यावं.

दुसरी चूक वेगात. शिशाची मऊ टोकाची गोळी सेकंदाला ५०० मीटरच्या आसपासही फुलते. तांब्याच्या बऱ्याच गोळ्यांना साधारण ५५० ते ६०० मीटर वेग लागतो. लांबच्या नेमात वेग त्याखाली गेला की पोकळी उघडत नाही आणि ती पूर्ण कवचाच्या गोळीसारखी वागते. म्हणून अंतराची मर्यादा डब्यावरच्या वेगाच्या तक्त्यावरून ठरवावी, सवयीवरून नाही. आपल्याकडची .३१५ रायफल जड आणि मंद गोळीच्या जुन्या घडणीवर बेतलेली आहे, तिथे हा प्रश्न आणखी टोचतो.

तिसरं म्हणजे नळी. तांबं कडक असल्यामुळे नळीत घर्षण आणि दाब वाढतो. त्यासाठीच नव्या गोळ्यांच्या अंगावर आडव्या खाचा कोरलेल्या असतात. बदल करण्याआधी नळीत साचलेला आधीच्या गोळ्यांच्या धातूचा थर पूर्ण काढावा, १०० मीटरवर तीन-तीन फैरींचे गट मारून नेम पुन्हा बसवावा. शिशाच्या गोळीचा नेम तसाच चालेल असं कधीही गृहीत धरू नये. आणि गोळी फुटत नाही, म्हणजेच ती पलीकडे जिवंत वेगाने निघते. मागे मातीचा उंचवटा हवाच. सातपुड्याच्या पायथ्याला काळा पाषाण जागोजागी उघडा पडलेला आहे, त्यावरून उसळलेली गोळी कुठे जाईल याचा नेम नाही.

आता खानदेशातल्या खऱ्या परिस्थितीकडे येऊ. रावेर-यावलच्या केळीत, मक्यात आणि हरभऱ्यात रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) घुसतात हे सांगायला नको. पण पीक राखणीच्या परवान्यावर इथल्या घरात असते ती बाराबोअर किंवा ठासणीची बंदूक. तिच्या नळीला पीळ नसतो, त्यामुळे वरची तांब्याची चर्चा तिला लागू पडत नाही. छऱ्यांत शिशाला पर्याय म्हणजे पोलाद, बिस्मथ किंवा टंगस्टन. पोलादाची घनता ७.८ च्या आसपास. एसजी या मोठ्या छऱ्यांच्या काडतुसातला ८.४ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुमारे साडेतीन ग्रॅमचा भरतो, त्याच मापाचा पोलादी छर्रा जेमतेम २.४ ग्रॅमचा. हलका छर्रा लवकर मंदावतो, म्हणून दोन माप मोठा घ्यावा लागतो आणि अंतर आखडतं. पोलाद दबत नाही. त्यामुळे फुल चोक असलेल्या, म्हणजे तोंडाशी आवळलेल्या जुन्या पातळ नळीत तोंडाशी फुगवटा येऊ शकतो, आणि ठासणीच्या बंदुकीत तर पोलाद घालूच नये. बिस्मथ मऊ असल्याने जुन्या नळीला सोसतं, पण ठिसूळ आणि महाग. टंगस्टन १९.३ घनतेचं, शिशाहून सरस. किमतीमुळे इथल्या शेतकऱ्याने त्याचा विचार करण्यात अर्थ नाही.

शिवाय कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकार बंद आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला कलम ११ खाली वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी असेल तरच मारता येतं, आणि मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता ठरतं. मांस घरी नेता येत नाही. युरोप-अमेरिकेत या वादाचं एक टोक जेवणाच्या ताटात आहे. आपल्याकडे तो जवळजवळ सगळा मेलेलं जनावर खाणाऱ्या पशुपक्ष्यांचा आहे. कॅलिफोर्नियात कोंडोर गिधाडं १९८२ साली २२ उरली होती. पुढे वाढवून सोडलेल्या पक्ष्यांनाही शिशाची विषबाधा होत राहिली आणि तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं पूर्ण बंद झालं. डेन्मार्कने २०२४ मध्ये रायफलच्या गोळीतूनही ते हद्दपार केलं. आपली गिधाडं मुख्यतः डायक्लोफेनॅक या गुरांना दिल्या जाणाऱ्या वेदनाशामक औषधाने संपवली, शिशाने नाही. पण गिधाडाच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की त्यात शिशाचे कण विरघळायला वेळ लागत नाही. उरलेल्या थोड्या पक्ष्यांना हे दुसरं विष कशाला?

बिनशिशाची काडतुसं तालुक्याच्या दुकानात मिळत नाहीत तोवर हातात आहे ते जनावराची विल्हेवाट. पंचनामा झाल्यावर धड नाल्यात किंवा बांधावर टाकू नये. विहीर आणि ओढ्यापासून लांब, तरस-कोल्ह्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात पुरावं, वर किमान एक मीटर दाबलेली माती यावी. आतडी आणि जखमेचा भाग बाहेर राहिला तर खड्डा खणण्याचा उपयोग नाही, कारण सगळ्यात जास्त शिसं तिथेच असतं. खानदेशातली काळी माती अल्कधर्मी आहे, तिच्यात शिसं फार हळू विरघळतं. वर चुना टाकला तर आणखी हळू.