बिगहॉर्न शिकारीपूर्वीची टेहळणी

उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वतात पारंपरिक धनुष्याने बिगहॉर्न या रानमेंढ्याची शिकार करण्याआधी शिकारी डोंगराचा जो अभ्यास करतो, त्याला शिकारीपूर्वीची टेहळणी म्हणतात. पारंपरिक धनुष्य म्हणजे लाँगबो (लांब, साधे धनुष्य) किंवा रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य). कंपाउंड धनुष्यासारख्या कप्प्या किंवा नेम धरण्याची साधने त्याला नसतात. रायफलवाला पलीकडच्या उतारावरून गोळी झाडू शकतो. लाँगबोवाल्याला एडक्यापासून वीसेक मीटरांवर पोहोचावे लागते. त्यामुळे एडका कुठे आहे हे कळून भागत नाही, त्याच्याजवळ कोणत्या वाटेने आणि कोणत्या वेळी जाता येईल हे आधी ठरवावे लागते. खरी शिकार इथेच होते.

वायोमिंग राज्यातील अ‍ॅब्सरोका आणि विंड रिव्हर या रांगा त्यासाठी प्रसिद्ध आहेत. परवाने सोडतीने मिळतात आणि अनेकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. धनुष्याचा हंगाम रायफलच्या आधी, ऑगस्टच्या उत्तरार्धात असतो. जुलैत उंचावरचे बर्फ वितळले की टेहळणी सुरू होते. १ ऑगस्ट ते ३१ जानेवारी या काळात विमानातून जनावरे शोधण्यास तिथे कायद्याने मनाई आहे. हा नियम अगदी रास्त आहे.

सुरुवात नकाशापासून होते. अमेरिकी भूसर्वेक्षणाच्या १:२४,००० प्रमाणाच्या नकाशांवर डोंगराळ भागात समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, बहुधा उंचीतील ४० फुटांच्या, म्हणजे सुमारे १२ मीटरांच्या अंतराने असतात. त्याहून बुटका कातळ दोन रेषांमध्ये दिसतच नाही. धनुर्धराला आडोसा देणारे कातळ मात्र नेमके तेवढेच असतात, म्हणून प्रत्यक्ष चढून पाहण्याला पर्याय नाही.

पहाटे समोरच्या धारेवर बसून तिपाईवरच्या दुर्बिणीने उतार विंचरावा लागतो. उन्हाळ्यात मोठे एडके माद्या-कोकरांपासून वेगळे, आपापल्या टोळ्यांत राहतात. एखाद्या उतारावर माद्या दिसल्या म्हणजे एडकेही जवळ असतील असे नाही. सकाळी चरून झाले की ते कड्यालगत खुराने उकरलेल्या जागी रवंथ करत बसतात. या बैठका पुन्हा पुन्हा वापरल्या जातात आणि साचलेल्या लेंड्यांवरून ओळखू येतात. बसलेल्या एडक्याचे लक्ष बहुतेक खालच्या बाजूला असते, म्हणून वरून उतरणे श्रेयस्कर.

पण वरून उतरणे वाऱ्यावर अवलंबून असते. ऊन पडून उतार तापला की हवा वर चढते, संध्याकाळी खाली वाहू लागते. वरून येणाऱ्या माणसाचा वास चढत्या हवेत एडक्यापर्यंत जात नाही. ढग आले किंवा वारा फिरण्याची वेळ झाली की हा हिशेब कोलमडतो, आणि घळींच्या तोंडाशी तर हवा गरगरत राहते. जाणकार बारीक भुकटी उडवून प्रत्येक घळीतली वाऱ्याची दिशा वेळेसह टिपून ठेवतात. सुट्या दगडांच्या कोणत्या उतारावर पाऊल टाकताच दगड सुटतात, याचीही नोंद करतात. दुपारच्या गडगडाटी वादळात धारेवर वीज पडण्याचा धोका असल्याने त्याआधी खाली यावे लागते.

एडक्याची पारखही याच वेळी होते. शिंगांवरील वार्षिक वलयांवरून वय कळते. कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या बहुतेक विभागांत शिंगाचे वळण पूर्ण वेढ्याच्या चार-पंचमांश भरल्याशिवाय एडका मारता येत नाही.

हे ज्ञान या प्रदेशात जुने आहे. तुकुदिका, म्हणजे पर्वतीय शोशोनी लोक, बिगहॉर्नच्याच शिंगांपासून जनावरांच्या कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांच्या) तंतूंचे अस्तर दिलेली आखूड, ताकदवान धनुष्ये बनवत. जनावरांच्या वाटा ओळखून त्यांनी उभारलेल्या लाकडी सापळ्यांचे अवशेष डोंगरांत आढळतात.

स्थलांतराच्या वाटा मेंढ्या एकमेकींकडून शिकतात, असे २०१८मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातील संशोधनाने दाखवले. नव्या जागी नेऊन सोडलेल्या कळपांना त्या वाटा अंगवळणी पडायला अनेक दशके लागली. म्हणून एका कळपाचा अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही.

पाळीव शेळ्या-मेंढ्यांकडून येणारा न्यूमोनिया या जनावरांना घातक ठरतो. वायोमिंगमधील ड्यूबॉइस गावाजवळच्या व्हिस्की माउंटनचा मोठा कळप १९९०–९१च्या साथीनंतर खालावला. हा संसर्ग टाळण्यासाठी टेहळणीचे सामान वाहायला शेळ्या नेण्यावर काही वनक्षेत्रांत बंदी आहे.