नवऱ्याची सही

गर्भपाताच्या संमतीपत्राला ‘नमुना सी’ म्हणतात. त्यावर सही बाईची. ती अठरा वर्षांखालची किंवा मानसिक आजारी असेल तरच पालकाची. नवऱ्याची संमती कायद्याने कधीच मागितलेली नाही. तरी इथे गोव्यात आतेबहिणीसोबत दवाखान्यात गेले तेव्हा काउंटरवर पहिला प्रश्न आला, “मिस्टर कुठे आहेत?” मिस्टर बोटीवर होते. तिचा आठवा आठवडा संपत आला होता.

या प्रश्नाची मुळं जुनी आहेत. मुक्तीपूर्वी गोव्यात १८८६ चं पोर्तुगीज दंडविधान होतं. गर्भपात हा गुन्हाच. पण बाईने बेअब्रू झाकण्यासाठी तो केला असेल तर तिची शिक्षा सौम्य होई. तिच्या तब्येतीआधी कायद्याला अब्रू दिसत होती, हे मला आजही अस्वस्थ करतं. १९६१ नंतर लग्न-वारशाचा पोर्तुगीज कायदा इथे राहिला, फौजदारी कायदा मात्र बदलला. भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, गर्भाची हालचाल जाणवू लागल्यावर सात. स्वतःचं पोट पाडणारी बाईही आरोपी. सूट फक्त तिचा जीव वाचवण्यापुरती. उरलेल्या बायका चोरून, मिळेल त्याच्या हातून मोकळ्या होत आणि त्यात जीव गमावत.

हे मृत्यू पाहूनच १९६४ मध्ये शांतिलाल शाह समिती नेमली गेली. तिच्या अहवालातून आलेला १९७१ चा गर्भपात कायदा १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. खुद्द पोर्तुगालमध्ये मर्यादित सूट यायला १९८४ उजाडलं आणि बाईच्या इच्छेने दहा आठवड्यांपर्यंतची मुभा मिळाली ती २००७ च्या सार्वमतानंतर. गोव्यातल्या बाईला वाट आधी मिळाली. पण ती डॉक्टरच्या मतावर अवलंबून होती आणि गर्भनिरोधक फसल्याचं कारण फक्त विवाहितेला सांगता येत होतं. २०२१ च्या दुरुस्तीने ‘नवरा’ जाऊन ‘जोडीदार’ आला, काही गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांवर गेली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही तीच मुदत दिली.

तरी मूळ गुन्हा पुसला गेलेला नाही. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये आहे. १९७१ चा कायदा हा त्याला अपवाद, आणि तो संरक्षण देतो डॉक्टरला. उद्या घरच्यांनी तक्रार केली तर, या धास्तीने नवऱ्याची सही मागितली जाते, असं मला वाटतं. नियमात नसलेली ती सही मग बाईच्या दिवसांवर उठते.

आतेबहिणीच्या नवऱ्याला समुद्रात रेंज मिळून सहीच्या कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर यायला अकरा दिवस लागले. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच करतात. ती मुदत टळली होती. तिला क्युरेटिंग करून घ्यावं लागलं.