नाशिकच्या बाजारपेठेतील खाण्यापिण्याची ठिकाणे

नाशिक शहराची जुनी बाजारपेठ, गोदाकाठचा आठवडे बाजार आणि शेतमालाची यार्डे यांच्या आधाराने चालणारी मिसळीची हॉटेले, फराळाची व मिठाईची दुकाने, भोजनालये, भेळेच्या गाड्या, रसवंत्या आणि चहाच्या टपऱ्या. गोदावरीच्या उजव्या तीरावर जुने नाशिक, तर डाव्या तीरावर पंचवटी वसली आहे. रविवार कारंजा, मेन रोड, दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार, भद्रकाली आणि पुलापलीकडचा पंचवटी कारंजा असा हा पट्टा आहे. तो पायी तासाभरात फिरून होतो. खात खात फिरायचे ठरवले तर दिवस पुरत नाही. सिडको, इंदिरानगर किंवा गंगापूर रोडला राहणारा नाशिककर इकडे येताना आजही ‘गावात चाललोय’ असेच सांगतो. नाशिकरोड आणि देवळाली कॅम्प यांच्या बाजारपेठा स्वतंत्र आहेत. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

या ठिकाणांना घड्याळ लावून दिले आहे ते बाजाराने. पहाटे रामकुंडावर स्नानाला व श्राद्धविधीला आलेले यात्रेकरू, सकाळी दुकान उघडण्याआधी नाश्ता उरकणारे व्यापारी आणि हमाल, दुपारी लग्नाच्या खरेदीला आलेली खेड्यापाड्यांतली कुटुंबे, संध्याकाळी कपडे-भांडी घेऊन थकलेल्या बायका-मुले, आणि रात्री लिलाव आटोपून गाडी भरणारे शेतकरी, आडते व ड्रायव्हर. प्रत्येकाची भूक निराळी, खिसा निराळा आणि हाताशी असलेला वेळही निराळा. म्हणून एकच दुकान सगळे पदार्थ करते असे येथे फारसे आढळत नाही. एक-दोन पदार्थ, थोडीच बाकडी, पटकन खाऊन उठणारे गिऱ्हाईक आणि ठरलेल्या वेळेला रिकामे झालेले पातेले, हा जुन्या पेठेतील धंद्याचा सर्वसाधारण साचा आहे. साडेअकरानंतर आलेल्याला ‘मिसळ संपली’ हे उत्तर मिळाले, तर त्यात दुकानदाराला कमीपणा वाटत नाही. उलट थोडा अभिमानच असतो.

मिसळ

नाशिकचे नाव आज मिसळीशी जोडले जाते. येथील मिसळीत मोडाची मटकी किंवा मूग, वर शेव-फरसाण, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबू असते. सोबत दोन पाव, बहुतेक ठिकाणी पापड आणि दह्याची वाटी. मिसळीची खरी ओळख मात्र रश्शात आहे. सुके खोबरे आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजून त्यात खडा मसाला वाटून घालतात. त्यामुळे रस्सा काळसर दिसतो. त्याला नुसत्या तिखटाचा ठसका नसून भाजणीचा खमंगपणा असतो. कोल्हापूरच्या लालभडक कटाशी किंवा पुण्याच्या पोहे घातलेल्या गोडसर मिसळीशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही. नाशिकच्या काळ्या रश्शाचे नाते शेजारच्या खानदेशातील काळ्या मसाल्याच्या स्वयंपाकाशी आहे. रस्सा हवा तितका वाढण्याची पद्धत आहे आणि वाढपी बादली व पळी घेऊन टेबलांमधून फिरत असतो. पाव मात्र मोजून मिळतात. दुकानाचे गणित त्यावरच असते.

पंचवटी कारंजाजवळची अंबिका मिसळ काळ्या रश्शासाठी ओळखली जाते. जुन्या पेठेतील भगवंतराव हे नाव मिसळ आणि मिठाई अशा दोन्हींसाठी घेतले जाते, आणि यात विसंगत काही नाही. तिखट रश्शानंतर गरम जिलेबीचे एखादे कडे खाणे हा नाशिकच्या नाश्त्याचाच भाग आहे. गेल्या दीड-दोन दशकांत शहराबाहेर, मळ्यांत आणि द्राक्षबागांच्या कडेला ‘चुलीवरची मिसळ’ देणारी ठिकाणे निघाली. तेथे झोके, बैलगाडी, मुलांना खेळायला जागा आणि रविवारी गाड्यांची रांग असते. ही मिसळ वाईट असते असे नाही. पण ती सहलीची मिसळ आहे. पेठेतल्या मिसळीला बाजाराची घाई आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचा कोपर लागतो. नाशिकच्या खाण्याविषयी लिहिणारे हल्ली मिसळीपाशीच थांबतात आणि त्यामुळे बाकीची पेठ झाकोळली जाते, हेही येथे नोंदवायला हवे.

मेन रोड आणि भोवतालच्या गल्ल्या

मेन रोडला कापड, दहीपुलाकडे किरकोळ खरेदी, सराफ बाजारात सोने आणि नदीकडे उतरताना तांब्या-पितळेची भांडी, असा खरेदीचा क्रम आहे. खाण्याची दुकाने या क्रमाच्या मध्ये मध्ये बसली आहेत. सायंतारा हे नाव साबुदाणा वड्यासाठी प्रसिद्ध आहे. उपवास नसलेले लोकच तेथे जास्त दिसतात. वरून कडक, आत मऊ वडा आणि सोबत दाण्याची किंवा दह्याची चटणी. आषाढी, श्रावणातले सोमवार आणि नवरात्र या दिवसांत पेठेतील कढया साबुदाण्यासाठी राखून ठेवल्यासारख्या असतात. तीर्थक्षेत्र असल्याने उपवासाच्या पदार्थांना वर्षभर गिऱ्हाईक आहे, हे त्यामागचे साधे कारण.

जिलेबीसाठी बुधा हलवाई हे जुने नाव. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन झाले की शहरभर जिलेबीचे मांडव लागतात, आणि घरी पाव-अर्धा किलो नेल्याशिवाय तो दिवस साजरा झाल्यासारखा वाटत नाही. दसऱ्याला हीच गर्दी फाफडा-जिलेबीकडे वळते.

पाववडा हा नाशिककरांचा आवडता प्रकार. बटाट्याची भाजी पावात भरायची, तो पाव बेसनाच्या पिठात बुडवून सरळ तळायचा. यालाच उलटा वडापाव असेही म्हणतात. मुंबईच्या वडापावापेक्षा हा पोटाला जड आणि तेलकट असतो. सोबत तळलेली मिरची हवीच. खरेदीच्या घाईत हा एक खाल्ला की जेवण झाल्यात जमा.

चिवडा नाशिकबाहेर नेण्याची वस्तू आहे. कोंडाजी चिवडा हे त्यातले सर्वांत ठाऊक असलेले नाव. नाशिकच्या चिवड्यात तळलेला कांदा आणि लसूण यांचा जोर असतो, मसाला भरपूर असतो आणि गोडवा जवळपास नसतो. चिवडा पार्सल म्हणून विकला जात असला, तरी खरा नाशिककर तो वाटीत घेऊन वर कच्चा कांदा चिरून, लिंबू पिळून खातो. उन्हाळ्यात कांद्यासोबत कैरीही येते.

कांदा हा या साऱ्या दुकानांचा कणा आहे. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या देशातील मोठ्या कांदा बाजारपेठा याच जिल्ह्यात आहेत आणि लासलगावच्या कांद्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तरीही भाव कडाडले की नाशकातल्या गाडीवरही कांद्याऐवजी पत्ताकोबी चिरलेली दिसते. गिऱ्हाईक कुरकुरते, पण दुकानदाराला दोष देत नाही, कारण त्या गिऱ्हाइकाच्या घरी नाही तर नात्यात कोणीतरी कांदा पिकवणारा असतोच.

गंगेवरचा बाजार

नाशिककर गोदावरीला ‘गंगा’ म्हणतात आणि घाटावर भरणाऱ्या बुधवारच्या आठवडे बाजाराला ‘गंगेवरचा बाजार’. भाजी, धान्य, मिरची-मसाला, सुकट-बोंबील, टोपल्या, दोर, चपला असा सगळा पसारा पटांगणांवर मांडला जातो. येथे बसून खाण्याचे हॉटेल शोधू नये. खाणे पाटीवर, गाडीवर किंवा जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर असते. गोडीशेव, रेवड्या, फुटाणे, गरम भजी आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे भेळभत्ता.

भेळभत्ता हा नाशिक-नगर भागातील बाजाराचा आणि यात्रेचा खाऊ आहे. मुरमुरे, शेव, फुटाणे, शेंगदाणे, थोडे फरसाण यांचा कोरडा मेळ कागदात बांधून मिळतो. कांदा आणि तळलेली मिरची वेगळी. चिंचगुळाची चटणी घातलेली ओली भेळ हा मुंबईहून आलेला थाट. भत्ता घरापर्यंत कुरकुरीत राहतो. बाजाराला गेलेल्या माणसाने परतताना पोरांसाठी भत्त्याचा पुडा आणायचा, ही जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतील रीत अजून मोडलेली नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस करवंदे आणि जांभळे, पावसाळ्यात रानभाज्या घेऊन पश्चिमेकडच्या आदिवासी पाड्यांतील स्त्रिया बाजारात बसतात. द्रोणातली करवंदे मीठ लावून तिथेच खाल्ली जातात.

नदीकाठी असण्याची किंमतही हा बाजार मोजतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवर पाणी कुठवर आले यावरून पेठेत अंदाज बांधले जातात. गुडघ्याला, कमरेला, छातीला. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत पाणी घाट ओलांडून भांडी बाजार व सराफ बाजाराकडे शिरले. टपरीवाले आणि गाडीवाले मारुतीच्या पायाशी पाणी आले की सामान वर हलवतात. त्यासाठी त्यांना कोणाच्या भोंग्याची वाट पाहावी लागत नाही.

यात्रेकरूंची भोजनालये

रामकुंड, काळाराम मंदिर आणि सीतागुंफा यांच्या परिसरात देशभरातून, विशेषतः गुजरात व उत्तर भारतातून यात्रेकरू येतात. त्यांच्यासाठी पुरीभाजी, कचोरी आणि कांदा-लसूण नसलेली थाळी देणारी भोजनालये व धर्मशाळा आहेत. चव बेताची, पण जेवण लवकर आणि पोटभर मिळते. सिंहस्थ कुंभमेळ्यात हे गणित पालटते. तपोवनात आखाड्यांची व संस्थांची अन्नछत्रे चालतात, त्यामुळे लाखोंची गर्दी होऊनही त्यातले सगळे पेठेचे गिऱ्हाईक होत नाही. २०१५ च्या पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक होता की जुन्या पेठेतील व्यापाऱ्यांना धंदा बसल्याची तक्रार करावी लागली.

भद्रकाली, दूध बाजार, चौक मंडई

शाकाहारी नाशिकची कीर्ती मोठी असली, तरी मांसाहारी खाण्यासाठी लोक भद्रकालीत जातात. दूध बाजार व चौक मंडई या भागांत कबाब, बिर्याणी, खिमा-पाव मिळतो. रमजानच्या महिन्यात संध्याकाळपासून येथे खाद्यबाजार फुलतो: खजूर, फळे, भजी, मालपुवा, शेवया. इफ्तारची घाई सरली की शहराच्या इतर भागांतले सर्व धर्मांचे खवय्येही येऊ लागतात. ज्याला नाशिकची पेठ रात्री जागी पाहायची आहे, त्याने याच दिवसांत यावे.

शहरात खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्यामुळे शेवभाजी, वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी, पातोड्यांचा रस्सा आणि खापरावरचे मांडे हे पदार्थ हॉटेलांत व घरगुती खानावळींत आले. त्यांची वस्ती मात्र पेठेपेक्षा उपनगरांत जास्त.

मार्केट यार्ड

नाशिक कृषी उत्पन्न बाजार समितीची यार्डे पंचवटीच्या बाजूला दिंडोरी रोड व पेठ रोडला आहेत. कोथिंबीर, मेथी, शेपू यांचे लिलाव शंभर जुड्यांच्या भावाने होतात आणि माल रातोरात मुंबईकडे निघतो. यार्डाभोवतालच्या टपऱ्यांचा धंदा या लिलावावर अवलंबून आहे. चहा, भजी, पाववडा, अंडाबुर्जी, उशिरापर्यंत चालणारी डाळ-भाकरी. भाव चांगला मिळालेला शेतकरी गाडीवाल्याला आणि हमालाला खाऊ घालतो. भाव पडलेला नुसता चहा घेऊन निघतो. टपरीवाल्याला त्या दिवशीचा कोथिंबिरीचा भाव विचारावा, तो न चुकता सांगतो.

पेये

चहा सर्वत्र आहे, त्याविषयी वेगळे सांगण्यासारखे नाही. उन्हाळ्यात रसवंत्या लागतात. चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज हीच त्यांची जाहिरात. उसात आले आणि लिंबू घातलेला रस, मसाला ताक, लस्सी, पियूष, गोळीसोडा आणि बर्फाचा गोळा ही पेठेतली पेये. लस्सी दाट असते आणि वर साय घालण्याची पद्धत आहे, त्यामुळे ती प्यायची की खायची हा प्रश्न उरतो. कोजागरीला आटीव दुधाच्या कढया रस्त्यावर येतात.

नाशिकची वाइन या यादीत येत नाही. सुला विनयार्ड्सची स्थापना १९९९ साली झाली, २००५ मध्ये तिचे टेस्टिंग रूम सुरू झाले, आणि त्यानंतर वाइन पर्यटन वाढले. पण ते गंगापूर धरणाच्या दिशेने. पेठेत द्राक्षे येतात ती जानेवारीपासून पुढे, हातगाडीवर आणि किलोच्या भावाने. निर्यातीतून बाजूला काढलेले घडही त्यांत असतात. चवीला ते तितकेच गोड आणि निम्म्या किमतीत पडतात, म्हणून गाडीवरून एक-दोन मणी चाखून मगच पिशवी भरायची असते.